दादाभाऊंच्या पिकअपचं पोट

महाळुंगे पडवळच्या दादाभाऊंना गाड्यांतलं कळतं, असं खुद्द दादाभाऊंचं मत आहे. या मताला गावात दुसरा अनुमोदक अजून मिळालेला नाही. पण अशा किरकोळ गोष्टींनी अडणारे दादाभाऊ नव्हेत. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे. मेंढीचा कान चाचपून ताप सांगायचे, पोटावर थाप मारून आतलं दुखणं सांगायचे. पुढे मेंढरं गेली, शेती आली, एक जुनी पिकअप आली. थाप मात्र दादाभाऊंच्या हातात राहिली. कुणाचीही गाडी दिसली की ते बॉनेटवर थाप मारतात, कान लावतात आणि निदान सांगून मोकळे होतात. गाडीवाला "हां, हां" म्हणतो आणि मेकॅनिककडे जातो.

त्यांच्या स्वतःच्या पिकअपवर तर त्यांचा भारी जीव. खंडेनवमीला लोक गाडी धुतात, हार घालतात, कुंकू लावतात. दादाभाऊंना एवढ्याने समाधान कुठलं! गेल्या दसऱ्याला ते दिवसभर गाडीखाली उताणे पडून होते. मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गड्डा, म्हणजे डिफरन्शियल, त्यांनी भंडाऱ्यासारखा पिवळाधमक रंगवला. एक नाही, तीन हात. "देवाचं काम हाय, हात आखडायचा न्हाई," म्हणाले, आणि मोबाईलवर त्याचा फोटो सबंध गावाला दाखवला. गाडीचं पोट कौतुकाने बघावं लागलेलं हे बहुधा पहिलंच गाव.

दिवाळीच्या तोंडावर पिकअप मागून गळायला लागली. त्यांच्या बायकोने, गजराबाईंनी, नुकत्याच सारवलेल्या अंगणात काळा डाग पडला.

दादाभाऊंनी बोट बुडवलं, वास घेतला. "इंजनाचं ऑइल हाय. वाऱ्यानं मागं येतंय."

"उभ्या गाडीला वारं कुटनं लागलं?" गजराबाई म्हणाल्या.

मग ते गाडीखाली शिरले. डिफरन्शियल थबथबलेलं. "ऑइल अडवणारं सील गेलं," त्यांनी जाहीर केलं. शेजारच्या हौशीरामला हाताशी धरून त्यांनी दोन दिवसांत सील बदललं. तिसऱ्या दिवशी अंगणात डाग. "रबरच खोटं निघालं." पुन्हा नवं सील, पुन्हा डाग. मेंढीचं पोट बिघडल्यावर पाणी तोडायचं नसतं, या न्यायाने ते सकाळ-संध्याकाळ ऑइल पाजत राहिले. जेवढं पाजलं तेवढं अंगणाने प्यालं.

शेवटी गजराबाईंनी मोबाईल काढला. "रईवारपत्तुर हिचं गळणं थांबलं न्हाई, तर भंगारवाल्याला फोन लावते. नंबर घेऊन ठिवलाय."

दादाभाऊ गाडीच्या चाकाला टेकून हिशेब करायला बसले. पिकअप गेली तर उरलं काय? ज्याच्या दारात गाडी नाही, त्याची थाप लोक कशाला खपवून घेतील?

आता एकच माणूस उरला होता, घोडेगावचा गफूर मिस्त्री. अडचण अशी की गेल्याच वर्षी त्याच्याच गॅरेजमध्ये, चार गिऱ्हाइकांसमोर, "मिस्त्री, तुमाला गाडीची नाडी कळत न्हाई" असं दादाभाऊ त्याला सुनावून आले होते. तरी शनिवारी ते निघाले. शेजारच्या सीटवर गजराबाई, हातात मोबाईल.

"या पावणं! नाडी बघायला आला का?" गफूरने दारातच पकडलं.

दादाभाऊंनी गाडीकडे बोट दाखवलं. एवढं कमी ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

गफूरने अख्खं डिफरन्शियल डिझेलने पुसून कोरडं केलं. मग खणातून टाल्कम पावडरचा डबा काढून गड्डाभर पावडर थापली.

"गाडीला बघायला येणार हायेत व्हय कुणी?" गजराबाईंनी विचारलं.

"ऑइल लई लबाड असतं, वहिनी. निघतं एकीकडनं, दिसतं दुसरीकडं. पावडरीवर माग सोडतंय."

मंचरपर्यंत फेरी मारून तो परतला. पावडरीत पुढच्या सीलपासून एक काळी रेघ निघाली होती.

"बगा! सीलच! मी म्हनलो व्हतो!" दादाभाऊ अर्धा फूट वाढले.

"सील तर कोरं हाय, राव. कोऱ्या सीलला गळायला लावतंय कोण?" गफूरने गड्ड्याच्या वरच्या बाजूने हात फिरवला. "आतली गरम हवा सोडायला हितं एक बारीक टोपन असतंय. तुमच्या गाडीला न्हाई."

"चोरलं वाटतं कुणी!"

गफूरने स्क्रूड्रायव्हरने तिथला रंग खरवडला. पिवळ्या रंगाची जाडजूड साल निघाली आणि खालून टोपण दिसलं. काय ते ऐकावं म्हणून दादाभाऊंनी सवयीने कान लावला. गफूरने पाना फिरवला. फुस्स करून गरम, कुबट वाफ दादाभाऊंच्या तोंडावर आली.

"कुकरची शिट्टी रंगानं बुजवली," गफूर म्हणाला, "आन झाकनाचं रबर बदलत बसले. हवेला वाट न्हाई, मंग ती ऑइलच ढकलून देती."

गजराबाईंना कुकरचं लगेच कळलं. त्या अशा हसल्या की शेजारचा पंक्चरवाला काम टाकून बघायला आला.

"मंग लावू का फोन भंगारवाल्याला?" गफूरने डोळा बारीक केला.

"गाडीचा काय दोष त्यात?" गजराबाईंनी मोबाईल पिशवीत टाकला आणि नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्यो मानसं नेत न्हाई ना?"

सोमवारी दादाभाऊ पारावर हौशीरामला सांगत होते, "मला ठावं व्हतं रं. मिस्त्रीला सापडतंय का, ते बगत व्हतो." आता ते कुणाच्याही बॉनेटवर थाप मारत नाहीत. थेट गाडीखाली शिरतात आणि "टोपन बगितलं का?" असं विचारतात. मोटारसायकलवाल्यांनाही.

यंदाच्या दसऱ्याला पिकअपला हार, कुंकू, लिंबू सगळं झालं. रंगाचा उरलेला डबा मात्र दादाभाऊंना सकाळपासून सापडेना. दुपारी ते शोधत परसात गेले, तर गजराबाईंची कोंबड्यांची खुराडी पिवळीधमक. तीन हात दिलेली. जाळी तेवढी मोकळी सोडली होती.