दुसऱ्यांच्या नावाचे नमस्कार

वाईचे गजाननभट चिरपुटकर बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने सूर्याला नमस्कार घालत होते. दुखणाईताने घरी बसून संकल्प सोडायचा, गजाननभटांनी कृष्णेच्या घाटावर रोज एकशेआठ नमस्कार घालायचे आणि त्याचं तीर्थ पंचपात्रीतून घरपोच करायचं. यजमान ते घोटभर पीत आणि पुन्हा आडवे होत. त्यांची दुखणी किती हटली हे कुणी मोजलं नव्हतं. गजाननभटांची छाती मात्र पन्नाशीतही तालमीतल्या गड्यासारखी होती.

त्या साली हळदीचे अडते तुकशेट पोरे यांचे गुडघे धरले. त्यांनी अठ्ठेचाळीस दिवसांचं अनुष्ठान सांगितलं. तीस दिवस सुरळीत गेले. तिसाव्या दिवशीचे नमस्कार उरकून येताना गजाननभट शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले.

हाडवैद्य कांबट्या बांधून गेला, तोच तुकशेट लंगडत आले.

"भटजी, हात माझ्याच अनुष्ठानात मोडायचा होता?"

"मुद्दाम नाही मोडला, शेट."

"मग राहिलेल्या अठरा दिवसांचं काय?"

गजाननभटांच्या पत्नी राधाकाकू गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हीच घाला की. इतके दिवस यांनी तुमच्या नावाने घातले. तुमचे तुम्ही घातलेत तर देवाचाही घोळ कमी होईल."

"काकू, माझे गुडघे..."

"गुडघ्यांसाठीच चाललंय ना सगळं?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना तुकशेट टांग्यातून घाटावर उतरले. गजाननभट गळ्यात हात बांधून पायरीवर बसले. तुकशेटनी ओंजळीने अर्घ्य दिलं. गजाननभट म्हणाले, "ॐ मित्राय नमः." तुकशेट वाकले. हात गुडघ्यापर्यंत पोचले.

"अजून खाली."

"खाली पोट आहे."

बारा नावं संपेपर्यंत ऊन चढलं. त्यात धड नमस्कार एकही नव्हता. "मित्र म्हणजे सूर्यच ना?" तुकशेटनी धापा टाकत विचारलं. "मग मित्राने इतकं छळू नये."

तरी ते रोज आले. अठराव्या दिवशी बारा नमस्कार पुरे झाले. एकशेआठात कमी पडलेले देवाने सांभाळून घ्यावेत, असं गजाननभटांनी मोठ्याने सांगितलं. तुकशेटना गादीवर मांडी घालता येऊ लागली आणि पेठेत ते ज्याला त्याला नमस्कार शिकवू लागले. परिणाम इतकाच झाला, की फाल्गुनात कांबट्या सुटल्या तेव्हा गजाननभटांकडे एकही यजमान उरला नव्हता. जो तो आपले आपण घालत होता.

सवयीने ते पहाटे घाटावर गेले. पाणी हातात घेतलं, तिथी-वार म्हटले, आणि कुणासाठी हे म्हणायच्या जागी जीभ अडली. स्वतःचं नाव घ्यायला त्यांना चोरट्यासारखं वाटलं. स्वतःसाठी काय मागायचं तेही सुचेना. हातातलं पाणी गळून गेलं. पुन्हा घेतलं. शेवटी त्यांनी पत्नीचं नाव घेतलं आणि एकशेआठ घातले. मनगट ठणकत होतं.

घरी येऊन त्यांनी पंचपात्री राधाकाकूंपुढे धरली.

"हे कुणाचं?"

"तुझं. तुझ्या नावाने घातले आज."

"मला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. पण त्यांनी पदराला हात पुसला, तळवा पुढे केला, तीर्थ घेतलं आणि ओला हात डोळ्यांना लावला. मग चुलीकडे वळून त्यांनी लाकूड आत सारलं.

"उद्यापासून माझे मी घालीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही नावं सांगा."

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात, काष्टा घट्ट खोचून, काकू पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गजाननभट नावं सांगू लागले. एकेक नमस्कार त्या न थांबता घालत होत्या आणि ते नुसते बघत राहिले होते. हिरण्यगर्भ झालं, काकू उठल्या, आणि गजाननभट म्हणाले, "ॐ आदित्याय नमः."

काकू वाकल्या नाहीत.

"मरीचि राहिलं," त्या म्हणाल्या.