हलक्या हातानं लावलेलं दार

"थांबा, थांबा. मी लावतो."

गाडीतून उतरलेल्या माणसाचा हात दाराकडे जायच्या आत शेठ हे म्हणायचे. मग दोन्ही तळवे दारावर टेकवून, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण सारावं तसं ते दार लावायचे. टक्. एवढाच आवाज. "ही पत्र्याची नाही, फायबरची आहे. आपटलं की तडा जातो," हे नंतर सांगायचे. पण सवय अशी लागली होती की रिक्षावाल्याच्या डिकीचं झाकणही ते तसंच लावायचे.

मार्केट यार्डात त्यांचा फुलांचा गाळा आणि घर कसबा पेठेत, जिथल्या बोळात स्कूटर वळवताना मागच्याला उतरावं लागतं. त्यामुळे ती डाळिंबी रंगाची, लांब नाकाची, दोनच माणसांची जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार गाळ्यामागच्या खोलीत, झेंडूच्या पोत्यांशेजारी राहायची. भंगारातून आणून शेठनी ती वर्षानुवर्षं खपून उभी केली होती. पुतण्या अमेरिकेहून आला की घरातले चॉकलेटची वाट बघायचे आणि बॅगेतून निघायचा कार्बुरेटर. "आमच्याकडे दिवाळीला नटबोल्टच वाटतात," काकू म्हणायच्या.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. पुढे ट्रक आला की चालवणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही; उजवीकडे बसलेल्यानं बघून सांगायचं. मी जुन्या गाड्यांचा दलाल, ओळख त्यातूनच झालेली. कात्रजच्या घाटात मी कितीदा तरी त्या उजव्या सीटवर बसलो आहे. "बघा आणि सांगा," शेठ म्हणायचे. मी "चला" म्हटलं की ते निघायचे. पुन्हा विचारायचे नाहीत. एका माणसाच्या शब्दावर दुसऱ्यानं असा जीव सोपवलेला तुम्ही कुठे पाहिला असेल, तर मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळेल.

मग त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. शेठनी मला बोलावलं. "द्यायची आहे. पण चालवणाऱ्याला. शोभेला उभी करणाऱ्याला नको. उभी राहिली की ती मेली."

गिऱ्हाइकं मी आणत राहिलो आणि शेठ नाकारत राहिले. "काय मध्यस्थ, आज कुठलं स्थळ?" असं माझं स्वागत व्हायचं. एकानं दार आपटलं, तो जागीच बाद. एकानं ॲव्हरेज विचारलं. शेठ म्हणाले, "आपण बसनं जात जा. परवडतं." काकू चहाचे कप उचलताना पुटपुटल्या, "माझ्या वेळी एवढी चौकशी झाली असती, तर मी सुटले असते."

मी हसायचो, पण आतून वैतागलो होतो. माझी दलाली अडकली होती आणि धंद्यातले लोक माझी टिंगल करायला लागले होते.

अशात कात्रजच्या बाजूला लग्नाचं लॉन असलेला एक जण मला भेटला. त्यानं काही लपवलं नाही. गाडी प्रवेशद्वाराशी ठेवायची होती, पाहुण्यांना फोटो काढायला. मी त्याला चहाला बसवलं आणि शिकवलं: दार दोन्ही तळव्यांनी लावा, घाटात कशी चढते ते विचारा, ॲव्हरेजचं नाव काढू नका. कुणाला परीक्षेचा पेपर फोडून द्यावा तसं.

त्यानं दार लावलं. टक्. शेठ बघतच राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला हल्ली नीट दिसत नाही. तुम्ही बघितलंत ना माणूस? सांगा."

मी म्हणालो, "चला."

पुढे त्यांचा फोन यायचा. "कशी आहे?" "मजेत." "फिरवतो ना?" "रोज." एकदा म्हणाले, "आवाज तरी ऐकवा तिचा." तोवर इंजिन काढून टाकलेलं होतं. जाहिरातीसाठी मी गाळ्यावर एक व्हिडिओ काढला होता, त्यातला आवाज तेवढा पाठवला. ॲक्सिलरेटरवर त्यांचाच पाय होता. शेठनी कळवलं, "ऐकला." बस, तेवढंच. त्यानंतर त्यांनी गाडीचं काही विचारलं नाही. मी सुटलो असं समजलो. तेही आज लिहून टाकतो.

काही महिन्यांनी त्यांनी एका लग्नाला नेण्याची गळ घातली. एका फुलवाल्याच्या मुलीचं लग्न. गाडीत बसल्यावर पत्रिका दिली, मी जागेचं नाव वाचलं. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत प्रत्येक सिग्नलला सांगायचं ठरवलं. प्रत्येक सिग्नल हिरवा झाला.

ती प्रवेशद्वाराशीच होती. बॉनेट उघडं, आत इंजिनाच्या जागी गुलाबांचा ढीग. नवऱ्याचे मित्र आळीपाळीनं आत बसत होते, फोटो काढत होते, दारं आपटत होते. दारावर बिजागरीपासून खाली तडा गेला होता. शेठनी तो बोटांनी चाचपला. मग एक गुलाब उचलून नाकाशी नेला.

"प्लास्टिकचे आहेत," ते म्हणाले. "फुलं तरी खरी ठेवायची."

आम्ही जेवलो नाही. परतीच्या वाटेवर मी तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"राहू द्या. तुम्ही आवाज पाठवलात ना, त्यात मागे झेंडूचा लिलाव चालला होता. कात्रजला कुठे हो झेंडूचा लिलाव होतो?" मग म्हणाले, "मला वाटलं, आपण होऊन सांगाल."

कसब्यात बोळाच्या तोंडाशी ते उतरले. माझी गाडी साध्या पत्र्याची. आपटलं असतं तरी चाललं असतं. मला वाटत होतं, आपटावं. त्यांनी दोन्ही तळवे टेकवले आणि इतक्या हलक्या हातानं दार लावलं की ते नीट लागलंच नाही. मग भिंतीला हात लावत लावत ते बोळात गेले.

दार उघडं असल्याची पिपाणी कात्रजच्या माझ्या घरापर्यंत वाजत होती. उतरून ते दार लावायचं माझं धाडस झालं नाही. शेठ त्यानंतर मला भेटले नाहीत. त्यांचा नंबर अजून फोनमध्ये आहे.