बर्फाचा कंबरपट्टा

किनुएचा राग अख्ख्या अंग्यो गावाला ठाऊक होता. गावात घरोघरी रोपवाटिका, पण तिच्या वाफ्यात शिरताना गिऱ्हाईकही दबकत पाऊल टाकायचं. पानाला उगाच बोट लावलं की ती कडाडायची, "पाहुणे आहात, माकडं नाही!" नवरा जिम्पेई तिच्या रागात पंचवीस वर्षं राहिला आणि मुकाट्याने गेला. आता रोज सकाळी भाताची पहिली वाटी ती देव्हाऱ्यातल्या त्याच्या तसबिरीपुढे ठेवायची. ठेवतानाही पुटपुटत असायची.

तिच्या रागाचं मूळ एका झाडात होतं. पट्टेवाल्या मेपलची साल लहानपणी हिरवीगार, तिच्यावर पांढरे उभे पट्टे. पण बुंधा जाडावला की पट्टे पुसट होतात आणि झाड चारचौघांसारखं राखाडी दिसतं. नवी नवरी असताना किनुएला रोपांच्या रांगेत एक वेगळं झाड सापडलं. ते वाढलं, जाडावलं, तरी त्याचे पट्टे चुन्याने ओढल्यासारखे लख्ख राहिले. नाव तिनेच ठेवलं, युकिओबी, म्हणजे बर्फाचा कंबरपट्टा.

बी पेरून हे पट्टे येत नाहीत, कलमच बांधावं लागतं. आणि अंग्योत जुना रिवाज आहे, चांगलं झाड एकाच अंगणात ठेवू नये. कलमासाठी एक काडी शेजाऱ्याला द्यावी. आपलं झाड गेलं तर त्याच्याकडून मागून आणता येतं.

"सापडलं मला, वाढवलं मी. शेजाऱ्याचा काय संबंध?" किनुए म्हणाली. जिम्पेई "बरं" म्हणाला. तिने कलमं बांधली ती सगळी आपल्याच अंगणात.

मग एका हिवाळ्यात पानं गळली आणि शेजारच्या तोकुझोच्या कुंपणापलीकडे तेच पांढरे पट्टे चमकले. किनुएचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून तोकुझोचं नाव चोर पडलं. देवळाच्या साफसफाईला, जत्रेत, विहिरीवर, जिथे दिसेल तिथे ती बोलायची, "झाडू नीट धरा हो, हात चोरीला सरावलेत तुमचे!" तोकुझो हसायचा. शेजारी उभा असलेला जिम्पेई बुटांकडे बघत राहायचा. तोकुझोच्या त्या हसण्याने तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या उन्हाळ्यात किनुएच्या झाडाला भुंग्याची अळी लागली. बुंध्याशी भुसा पडलेला दिसेपर्यंत आतून सगळं पोखरलं होतं. एकाच रांगेतली कलमंही गेली. माघाच्या थंडीत, झाडात रस चढायच्या आधी, किनुएने सगळ्या फांद्या नखाने खरवडून पाहिल्या. आत सगळीकडे तपकिरी. हिरवा ठिपका नाही. आयुष्यात तिचं स्वतःचं असं एकच काही होतं, आणि ते आता फक्त चोराच्या दारात जिवंत होतं.

तिने कलमाचा चाकू कमरेला खोचला आणि कुंपणाला वळसा घातला.

"माझी काडी परत द्या," ती दारातूनच ओरडली. "चोरलेला माल आहे, विनंती करणार नाही."

तोकुझोने ओल्या पेंढ्यात गुंडाळलेली मोळी पुढे केली. "कालच कापल्या वहिनी. तुमचं झाड वाळलेलं दिसलं."

"वा! चोराला दया आली!"

आतून भांडं आदळल्याचा आवाज झाला. तोकुझोची बायको ओसामे पदर खोचल्यागत बाह्या सारत बाहेर आली. ही बाई कधी आवाज चढवत नसे.

"पुरे झालं! चोर, चोर! तुमच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने आणून दिली काडी. तुम्ही माहेरी गेला होतात तेव्हा!"

"ओसामे, गप्प बस," तोकुझो म्हणाला.

"नाही बसणार! म्हणाले, 'रिवाज मोडला तर झाड जाईल. पण तिला सांगू नका, मला जेवायला मिळणार नाही.' आणि यांनी शब्द दिला. शब्दापायी गावभर चोर म्हणवून घेतलं. माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा!"

किनुएने मान झुकवली. इतकी खाली, की ओसामेच ओशाळली. मग मोळी उराशी धरून ती घरी आली आणि दिवसभर कलमं बांधत बसली. साध्या मेपलच्या खुंटाला काप, काडीला काप, वर दोरी. दोरी इतकी करकचून आवळत होती की दोनदा तुटली. कलमं बांधून झाल्यावर त्यातली निम्मी तिने कुंपणापलीकडे नेऊन ठेवली.

सकाळी भात शिजला. तिने पहिली वाटी वाढली आणि देव्हाऱ्यापुढे बसली. तसबिरीतला जिम्पेई नेहमीसारखाच गरीब गाईसारखा बघत होता.

"त्याला माझ्या शिव्या खाऊ दिल्यात. शेजारी उभं राहून ऐकलंत. का, तर जेवायला मिळणार नाही!" तिचा आवाज फाटला. "बरोबर ओळखलं होतंत."

आणि त्याच्यासमोर बसून ती वाटी तिने स्वतः संपवली.