सोलापूर फेरी आणि आतड्याची सूज

धाराशिव-सोलापूर फेरीवर मी सात वर्षं कंडक्टर होतो. त्यातली शेवटची तीन वर्षं रस्त्यातला एकेक संडास मला पाठ होता.

सुरुवातीला रक्त पडायचं, ते मूळव्याधीचं असेल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. गावी, बेंबळीला, बायकोनं माझी भाकरी बंद करून ताकभात सुरू केला, तेवढंच. वर्षभरात कमरेचा पट्टा तीन भोकं आत गेला. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागे, आणि कळ आली की दोन मिनिटंही निघत नसत. ड्युटी असली की मी सकाळपासून उपाशीच राहायचो.

हे पहिल्यांदा ओळखलं ते आमच्या ड्रायव्हरनं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मोजकं बोलणारे. तामलवाडीच्या अलीकडं एकदा मी तिकिटं देता देता थांबलो आणि दांडी धरून उभा राहिलो. त्यांनी आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून चाकांवर लाथा मारत राहिले. प्रवाशांना वाटलं, टायर बघतायत. मी बाभळीमागं पोचेपर्यंत उशीर झाला होता. परत आलो तेव्हा त्यांनी काही न विचारता सीटमागच्या पिशवीतली स्वतःची जादाची पँट माझ्या हातात दिली. सोलापूर येईपर्यंत मी उरलेली तिकिटं दिली. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले,

"मास्तर, हे साधं दुखणं न्हाय. दवाखान्यात चला. मी येतो संगं."

दुर्बिणीनं तपासल्यावर आजाराचं नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. स्टेरॉईडनं रक्त थांबायचं, पण माझं तोंड सुजायचं, झोप उडायची. डोस उतरवला की पुन्हा तेच. दर काही महिन्यांनी डबीत शौचाचा नमुना न्यायचा. त्यात कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन मोजत. ते वाढलेलं म्हणजे आत सूज आहे. माझं कायम वाढलेलंच असे. तो कागद हातात घेताना पुढं पुढं मला वाईटही वाटेनासं झालं.

शेवटी डॉक्टरबाईंनी वेगळं औषध सुचवलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांना आतून दुसरं. दोन्ही एकमेकांना धरतात, पेशी तिथं चिकटते आणि भिंतीतून आतड्यात उतरते. जंतू आले तर ते हवंच असतं. माझ्यात मात्र त्या पेशी कारण नसताना उतरत राहतात आणि सूज वाढवतात. हे औषध पेशीवरच्या प्रथिनाला झाकून टाकतं, म्हणजे तिला चिकटता येत नाही.

परतीच्या फेरीआधी चहा पिताना मी हे ड्रायव्हरना सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"म्हंजे थांबा नसताना उतरतेत," ते म्हणाले. "पण मग बेल कोण मारतंय?"

पुढच्या वेळी मी डॉक्टरबाईंना हेच विचारलं. त्या हसल्या नाहीत. सुरुवात नेमकी कशानं होते ते अजून पुरतं कळलेलं नाही, असं म्हणाल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. इतकी वर्षं मी माझ्या तिखट खाण्याला, उपाशी राहण्याला, स्वभावाला दोष देत आलो होतो.

औषध सलाईनमधून देतात. आधी तीन वेळा लवकर लवकर, मग दर आठ आठवड्यांनी. फरक पडायला तीन महिने लागले. रक्त थांबलं. आता दिवसातून तीनदा जावं लागतं, कधी चारदा. कॅलप्रोटेक्टिन खाली आलं, पण अगदी नॉर्मल अजून नाही.

दमणूक मात्र गेली नाही. दोन जिने चढले की बसावं लागतं. मी अर्ज करून डेपोत टेबलावरचं काम घेतलं. ड्रायव्हर यंदा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी लोकांनी त्यांच्याविषयी बोलायला मला उभं केलं. बाभळीची गोष्ट सांगायचं मनात होतं, पण सांगता आली नाही. चांगले होते, वेळेवर गाडी न्यायचे, एवढं बोलून मी खाली बसलो. त्यांनी मान हलवली, पुरे झालं अशी.

परवा पुन्हा सलाईन आहे. बायको म्हणते, या वेळी मीही येते.