सातव्या चालीला घोडा

मला बुद्धिबळ आवडत नाही. आधीही आवडत नव्हतं, आता तर पट दिसला तरी डोकं उठतं. तरीही गेलं जवळजवळ वर्षभर मी त्या खेळातली एकच सुरुवात घोकत होते, आणि ती एका माणसाचं नाक ठेचण्यासाठी. हा माणूस म्हणजे इथल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यवाह. बँकेतून निवृत्त, चाळीस वर्षं लखनऊत, सभागृहाची किल्ली कायम स्वतःच्या खिशात. वयानं मोठ्या माणसाला अहो-जाहो करावं हे मला कळतं आणि तोंडावर मी ते करतेही. लिहिताना जमणार नाही.

आम्ही इंदिरा नगरमध्ये राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी. नवरा नोकरीसाठी बडोद्याला, तो सणावारी येतो. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि मला 'आप' म्हणते, कारण तिच्या वर्गात सगळेच आपापल्या आयांना 'आप' म्हणतात. माझं माहेर साताऱ्याचं. तिकडं आईला कोणी अहो म्हटलं तर आईच घाबरेल. मंडळात मी तिला न्यायची ती चार मराठी शब्द तिच्या कानावर पडावेत म्हणून. तिथंही मुलं हिंदीतच खेळायची, ते सोडा.

गणपतीत मंडळाच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा असतात. कार्यवाह त्या भरवतो, पंचही तोच असतो, खेळतोही तोच, आणि जिंकतोही बहुतेक तोच. मुलगी शाळेत खेळायला लागली होती, म्हणून मी तिचं नाव घातलं. दोन डाव तिनं जिंकले आणि तिसऱ्याला समोर कार्यवाह आला. पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडे होत्या.

तिनं डॅनिश गॅम्बिट ही सुरुवात खेळली. हे नाव मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की पोरगी पहिल्या पाच चालींत प्यादी वाटत सुटली आहे. मधलं दिलं, त्याच्या शेजारचं दिलं, त्याच्याही शेजारचं दिलं. बदल्यात समोरचं एकच मारलं. आजूबाजूचे काका लोक हसले. कार्यवाहानं प्रत्येक प्यादं उचलून आपल्या बाजूला नीट रांगेत लावलं. सातव्या चालीच्या आधी ती पाणी प्यायला म्हणून उठली, बाथरूमला जाऊन आली, बसली आणि तिनं घोडा बाहेर काढला. कार्यवाह त्या घोड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा डाव जो बिघडला तो बिघडलाच. बाविसाव्या चालीला त्याला मात झाली.

टाळ्या वाजल्या. तो मात्र हात मिळवायला उठला नाही. तो म्हणाला, "बेटा, फोन कुठं आहे तुझा?"

मुलगी म्हणाली, "बैग में."

"बाथरूममध्ये बॅग नेली होतीस?"

ती माझ्याकडे बघायला लागली. बॅग तिच्या पाठीवरच होती. कार्यवाह सगळ्यांकडे वळून म्हणाला, "इथं सातव्या चालीला वजीर फुकट मिळतो. मी मुद्दाम ठेवतो. तीस वर्षांत सगळ्यांनी घेतला, मोठ्या मोठ्यांनी घेतला. इतनी सी बच्ची तो सोडते? तिला कोणी सांगितलं?" तिनं सांगितलं, "किसी ने नहीं." तिचा आवाज इतका बारीक निघाला की मलाच तिचा राग आला.

मग मी सुरू झाले. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हरलेल्या म्हाताऱ्यानं पोरीवर चोरीचा आळ घ्यावा यासारखी लाज नाही, एवढं नक्की म्हणाले. तो म्हणाला, "वहिनी, आवाज खाली करा, गणपती बसलेत." माझ्या नवऱ्याशी तो जन्मात दोन वाक्यं बोललेला नाही, पण मी वहिनी. निकाल त्यानं राखून ठेवला. कप कपाटात गेला आणि कपाटाची किल्लीही त्याच्याच खिशात. बाकीचे मूग गिळून मोदक खात होते. मी मुलीचा हात धरला आणि बाहेर पडले. त्यानंतर मंडळाची कोजागिरी नाही, दिवाळीचा फराळ नाही, काही नाही. फोन आले ते मी उचलले नाहीत.

हे झालं जगाला दिसलेलं भांडण. घरी आल्यावर मुलगी आंघोळीला गेली आणि मी तिच्या बॅगेतून फोन काढला. तो उघडायचा आकडा मला माहीत होता. त्या दुपारी तिनं काय उघडलं, काय शोधलं, मैत्रिणींना काय लिहिलं, सगळं बघितलं. काहीच सापडलं नाही. माणसाला यावर समाधान वाटायला हवं. मला वाटलं, पुसूनही टाकता येतं.

मी तिला काही विचारलं नाही. विचारलं तर तिला वाटेल आईचाही विश्वास नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे ती 'हो' म्हणाली असती तर मला त्या माणसासमोर मान खाली घालावी लागली असती, आणि मला ते नको होतं. तिनंही विषय काढला नाही. शाळेतल्या बुद्धिबळाच्या तासाला जाणं तिनं बंद केलं. कारण विचारलं तर "मन नहीं है" म्हणाली. पट तिनं कपाटावर ठेवला. तो मीच खाली काढला.

आता मी शिकायला लागले. मेट्रोनं हजरतगंजला ऑफिसात जाता-येता फोनवर व्हिडिओ बघायचे, रविवारी भाजी निवडून झाली की ओट्यावरच पट मांडायचा. सोंगट्या कशा चालतात एवढंच मला आधी येत होतं. पहिले दोन महिने मला वाटत होतं की गॅम्बिट म्हणजे आमिष. उंदराला भजं ठेवावं तसं प्यादं ठेवायचं आणि तो आला की सापळा पाडायचा. असे सापळे मी पंधरा-वीस पाठ केले आणि फोनवर अनोळखी लोकांशी खेळले. धडाधड हरले. लोक भजंही खायचे आणि सापळ्यालाही बगल द्यायचे, मग दोन प्यादी कमी घेऊन मी नुसती बसून राहायची. रागानं फोन सोफ्यावर आपटायची. मुलगी अभ्यास करता करता मान वर करून बघायची आणि पुन्हा खाली घालायची.

हळूहळू कळलं की यात फसवाफसवी नाहीच. प्यादी द्यायची ती वेळ मिळवायला. समोरचा तीन चाली खाण्यात घालवतो, तेवढ्यात आपले दोन उंट शेजारी शेजारी येऊन त्याच्या राजाकडे तोंड करून बसतात. त्याच्या सोंगट्या अजून घरातून निघालेल्याही नसतात. आपण जे दिलं ते मागायचं नाही, त्यानं उघडलेल्या वाटा वापरायच्या. आणि यावर उतारा एकच, खाल्लेलं वेळेवर परत करणं. कार्यवाह तेच करायचा. तो एक प्यादं आपणहून परत द्यायचा. ते आपल्या उंटानं मारलं की तो उंट नेमका दोन वजिरांच्या मध्ये येऊन उभा राहतो. मग उंटानं राजाशेजारचं प्यादं मारून शह द्यावा, राजानं उंट मारावा, आणि वाट मोकळी झाल्यावर आपल्या वजिरानं त्याचा वजीर उचलावा. हाच तो फुकटचा वजीर. पण पुढच्याच चालीला त्याचा दुसरा उंट शह देतो, त्याच चालीनं त्याच्या हत्तीची वाट आपल्या वजिरावर उघडते, आणि आपलाही वजीर जातो. हिशेब बरोबरीत सुटतो, हल्ला संपतो, पटावर नुसती वाळवंटासारखी शांतता. तिथं तो तीस वर्षं लोकांना रडवत आला.

हे कळलं त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. कारण मी घेतलेल्या पुस्तकात स्पष्ट दिलं होतं की वजिराचा मोह टाळून सातव्या चालीला घोडा काढला तर हल्ला जिवंत राहतो. म्हणजे पोरीनं पुस्तकातली चाल खेळली होती, आणि ते पुस्तक तिनं बघितलेलं नव्हतं. मला ती चाल समजायला पाच महिने लागले. तिला एका बाथरूमच्या फेरीत कशी समजली? मी जितकी शहाणी होत गेले तितका माझा संशय वाढत गेला. कधी कधी ती जेवत असताना मी तिच्याकडे बघायची आणि मनात त्या कार्यवाहाचाच आवाज ऐकू यायचा, 'तिला कोणी सांगितलं?' मग त्या माणसाचा आणखी राग यायचा, कारण तो आता माझ्या घरात येऊन बसला होता.

यंदा गणपतीत मी मंडळात गेले. एकटीच. मुलगी म्हणाली, "आप जाइए, मुझे नहीं आना." कार्यवाह दारातच खुर्च्या मोजत होता. मी सरळ म्हणाले, "एक डाव खेळायचाय तुमच्याशी. पांढऱ्या माझ्या." तो म्हणाला, "या ना वहिनी, वर्षभर दिसला नाहीत."

मी प्यादी दिली. त्यानं घेतली, रांगेत लावली, एक परत दिलं. वजीर समोर आला. मी घोडा काढला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. वर्षभर मी या क्षणासाठी जगले होते असं म्हटलं तरी चालेल. तो हसला. त्यानं शांतपणे माझा उंट मारला, मी त्याचा घोडा मारला, मग त्यानं एकेक करून सगळं बदलून टाकलं, आणि एका प्याद्याच्या जोरावर चाळीस चालींत माझा चुराडा केला.

"घोडा काही एवढा मोठा नाही," तो सोंगट्या डब्यात भरत म्हणाला. "उंट मारायचा आणि गप्प बसायचं. त्या दिवशी मीच घाबरलो. वाटलं, ये तो सब जानती है, हिला पुढचं सगळं पाठ आहे. घाबरून चुका केल्या."

"म्हणजे तुम्ही तुमच्या भीतीनं हरलात," मी म्हणाले. "आणि चोर माझ्या मुलीला ठरवलंत."

"तिनं वजीर का सोडला ते मला अजून माहीत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला आहे?"

मी पर्स उचलली आणि निघाले. रिक्षात मला रडू येत होतं आणि ते हरल्याचं नव्हतं.

घरी आले तेव्हा मुलगी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी तिला हाक मारली, टेबलावर पट मांडला, सहा चाली लावल्या आणि म्हणाले, "इथं तू वजीर का नाही घेतलास?"

"कौन सा वज़ीर?"

मी उंट उचलला, शह दिला, राजानं उंट मारला, वजिरानं वजीर मारला. ती वाकून बघत राहिली. मग हसली, मनापासून, वर्षभरात हसली नव्हती तशी.

"अरे यार," ती म्हणाली. "ये तो मुझे दिखा ही नहीं था."

"मग घोडा?"

"घोड़ा तो बस घर में बैठा था, निकाल दिया. सर कहते थे, सबको बाहर निकालो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मीही हसायला लागले. इतकं हलकं वाटलं की मी तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, "अगं वेडे, मग हे त्या दिवशीच सांगायचंस ना मला. वर्ष गेलं माझं."

ती माझ्या हातातून सुटली. तिचं हसू गेलं होतं.

"आपने पूछा कब?" ती म्हणाली. "आपने तो मेरा फोन देखा था. मैं नहा के आई तो वो बैग की दूसरी जेब में था."

मी काहीतरी बोलायला गेले. तुझ्यासाठीच, तुझ्या बाजूनं, सगळ्यांशी भांडले मी, असंच काहीतरी. तिनं पटावरची एकही सोंगटी हलवली नाही. कपड्यांची घडी घालत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अंकल ने गलत बोला था. लेकिन मुँह पे तो बोला था."