पाण्यात अडलेली म्हैस

म्हैस पाण्यात, मी काठावर, आणि तिच्या शेपटीखाली रेडकाचे दोन खूर बाहेर आलेले.

शेवगाव तालुक्याच्या टोकाला धरणाचं बॅकवॉटर येतं, तिथली ही गोष्ट. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर होते. म्हशीचं नाव चंद्री, मालकीण कौसाबाई. सकाळी कळा सुरू झाल्या तशी चंद्री दावं तोडून पाण्यात गेली, ती दुपार झाली तरी बाहेर येईना. तोंड धरणाकडे, मागचा भाग आमच्याकडे. कुणी ओढायला गेलं की ती आणखी दोन पावलं पुढं.

“म्याडम, मागल्या वेताला रेडकू पोटातच गेलं,” कौसाबाई म्हणाली. “आता म्हस बी जाती का काय वं?” तिचे डोळे रडून सुजले होते. घोडेगावच्या बाजारातून तिनं चंद्रीला एवढीशी असताना आणलं होतं आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

मी साहेबांना फोन लावला.

“साहेब, केस अडलीय. म्हैस पाण्यात आहे.”

“मग बाहेर काढा.”

“येत नाही, साहेब.”

“मग तुम्ही आत जा! त्यात मला काय विचारताय?”

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. मी पाण्याला भिते हे त्यांना कुठं ठाऊक होतं? अख्ख्या नोकरीत मी कुणाला कळू दिलं नव्हतं. लोक बदली मागताना पाण्याचा तालुका मागतात, मी दुष्काळी म्हणून शेवगाव मागून घेतलं. हजर झाल्यावर बघते तर या कोरड्या तालुक्याच्या उशालाच एवढं मोठं पाणी. घ्या आता!

भीती काष्टीची, माझ्या गावची. आमच्या मळ्यात मोठी विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी चुलतभावंडं तिथंच पडलेली असायची. कोण सूर मारतंय, कोण मुटका मारतंय, भिंतीतले पारवे फडफडून वर उडतायत. नवशिक्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून, ही आमची शिकवणी. चुलते, नाना, काठावर बसून तंबाखू मळत लक्ष ठेवायचे. मी तिसरीत होते. गाठ सुटली, डबा एकीकडे तरंगत गेला आणि मी दुसरीकडे खाली. हिरवं पाणी, कानात घुमणारा आवाज, आणि वर कुठंतरी भावंडांचं खिदळणं. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. नानांनी कपड्यांसकट उडी घेऊन मला वर काढलं. त्यानंतर मी कधी डोक्यावरून तांब्या ओतून घेतला नाही. पुढं कित्येक उन्हाळे मी काठावर बसून पोरांचे कपडे सांभाळले, मीठ लावून कैऱ्या खाल्ल्या. खरं सांगते, त्यांचा फार हेवा वाटायचा. आता नाना नाहीत, पोरं पुण्याला गेली, आणि विहिरीवर जाळी टाकलीय. तरी वैशाखातल्या दुपारी त्या पाण्याचा वास मला कुठंही येतो.

असो. चंद्रीकडे येते. रेडकू सरळ येतं तेव्हा आधी पुढचे दोन पाय येतात आणि त्यांवर टेकवलेलं नाक. इथं पाय होते, नाक नव्हतं. म्हणजे आत मान मागं वळलेली. असं रेडकू ओढलं की मेलंच. आधी त्याला आत ढकलायचं, जागा करायची, मग हातानं तोंड शोधून मान सरळ करायची. आणि बाहेर पडताना नाक पाण्यात असलं तर पहिल्याच श्वासाला पाणी आत. आमचा ड्रेसर बाबूराव पट्टीचा पोहणारा, पण हे काम माझंच होतं.

ओढणी कंबरेला बांधली, लांब हातमोजा खांद्यापर्यंत चढवला आणि शिरले. खाली घोटाभर गाळ. पाणी गुडघ्याला लागलं. “देवा रे!” मोठ्यानंच तोंडातून गेलं.

“काय झालं, म्याडम?” बाबूराव शेजारी होता.

“काही नाही. पाणी गार आहे.”

पाणी चांगलं कोमट होतं.

म्हशीपाशी पोचले तेव्हा पाणी कंबरेच्या वर होतं. खुरांच्या बेचक्यात चिमटा काढला. पाय झटकन आत ओढला गेला.

“जितं हाय का वं?” काठावरून कौसाबाई ओरडली.

“जिवंत आहे!” मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

मग ढकलायला लागले, आणि नवल म्हणजे रेडकू सहज आत सरकलं. गोठ्यात अशी केस आली की आम्ही म्हशीचा मागचा भाग उंच करायला लावतो. इथं काठाच्या उतारानं तो आपोआप उंच होता, पोटाचं ओझं पाण्यानं उचललं होतं. चंद्री नेमकी सोयीच्या जागी उभी होती. मला मात्र आल्यापासून तिचा राग येत होता.

बोटांना जबडा लागला, एवढ्यात कळ आली आणि चंद्री पुढं सरकली. हात सोडला असता तर जबडा पुन्हा सापडेलच असं नव्हतं. मीही तिच्याबरोबर गेले. पाणी छातीला, मग हनुवटीला.

“म्याडम, सोडा! खोल हाय म्होरं!”

“गप रे, सापडलंय!”

तोंडात पाणी गेलं, ते थुंकलं. जबडा मुठीत धरून मी मान वळवली, आणि अचानक ती सरळ झाली. नाक पायांवर आलं.

“कौसाबाई, हाक मारा तिला!”

“ये गं चंद्रे! ये माझी बाय!” कौसाबाई पेंडीची पाटी वाजवत होती, आवाज रडका. कळ ओसरली होती. चंद्रीनं मान वळवली आणि सावकाश काठाकडं फिरली. मी दोन्ही हातांनी शेपूट धरलं. तिनं मला ओढतच बाहेर आणलं.

काठावर दुसऱ्या कळेला रेडकू बाहेर आलं. निपचित. नाकातला चिकटा काढला, गवताची काडी नाकात फिरवली, कौसाबाईनं गोणपाटानं अंग चोळचोळ चोळलं. मग ते शिंकलं.

“रेडी हाय, म्याडम! रेडी!” कौसाबाईनं मला चिखलासकट मिठी मारली. दोघीही रडलो. चंद्री लेकराला चाटायला लागली होती.

बाबूराव कपडे पिळत म्हणाला, “तुमाला पवायला येतं, हे कधी बोलला न्हाईत.”

“मला? नाही येत.”

त्यानं पिळता पिळता हात थांबवले. “अवो, तितं मला बी पाय टेकत न्हवते! तुमी म्हशीला लोंबकळत हुता. खाली निस्तं पाणी.”

मी पाण्याकडं बघत राहिले. पायाखालची जमीन कधी गेली, मला पत्ताच नव्हता.

अंगभर रक्त आणि गाळ. कौसाबाई म्हणाली, “थांबा, बादली भरून आनते.” मी नको म्हटलं आणि चालत आत गेले, कंबरभर पाण्यात. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? डोळे मिटले आणि डोकं बुडवलं. कानात तोच जुना आवाज घुमला. थोडा वेळ तो ऐकला आणि आपली आपण वर आले.

आता रिटायर झालेय. नव्या डॉक्टर पोरी सल्ला विचारायला येतात. त्यांना सांगते, गाडीत लांब हातमोजे जास्तीचे ठेवा आणि पोहायला शिकून घ्या. तुम्हाला भीती वाटते का, हे अडलेली म्हैस विचारत नाही.