बॉम्बावरचा पिवळा पट्टा

"हात नको हालवू वं, बॉम्ब फिरव." असं म्हणून आक्का डावा डोळा मिटायची. जिभेचं टोक दातात धरायची अन् ब्रश हवेत खिळ्यासारखा थांबायचा. मी समोर बसून रिकामा बॉम्ब दोन रुळांवर हळूहळू फिरवायची. दारू नंतर दुसरीकडे भरायचे, आमच्याकडे नुसतं रंगकाम. एक फेरी झाली की पिवळा पट्टा पूर्ण. जिथून निघाला तिथंच येऊन मिळायचा. जोड कुठं आहे ते तुम्हालाही सापडलं नसतं.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या फॅक्टरीत भोंग्यावर भोंगा, घरी काचांना काळा कागद. माझा नवरा रेल्वेत होता. तो गेला तेव्हा पदरी तीन पोरं. फॅक्टरीत लागली तर उचलायचं काम मिळालं, त्यात कंबर गेली. रडून काय होते? चौथी शिकलेली होती, तेवढीच अक्कल. आक्कानं मला एक दिवस वाकताना पाहिलं अन् आमच्यावरच्या चार्जमनला सांगून टाकलं, "भैया, ये लड़की मेरे सामने बैठेगी." मला विचारलं पण नाही.

आक्का एकटी बाई, जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात एका खोलीत राहायची. तिथंही तिचे पट्टे सुरूच. बाजारातून लाल रंग आणून तिनं डब्यांना, माठाला, मोरीतल्या बादलीलाही पट्टे काढले होते.

"काहून आक्का, बादली विमानातून टाकायची का?" आम्ही चिडवायचो.

"शेजारीण नेते माझी बादली. पट्टा पाहून तरी परत आणून देते."

मग एकदा सगळ्यांचे डोळे तपासले. डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरांची पाटी दाखवली. "पढ़िए." आक्का गप्प. "ऊपर वाली लाइन?" गप्प. मागं ऑफिसातल्या शिकलेल्या पोरी रांगेत उभ्या होत्या. डॉक्टरनं लिहून टाकलं, नजर कमजोर. दुसऱ्या दिवशी आक्काच्या हातात झाडू आला अन् ब्रश माझ्या हातात.

मला माहीत होतं. ती सहीच्या जागी अंगठा लावायची, मी रोज पाहायची. अक्षरं येत नाहीत, हे चारचौघीत सांगायची तिला लाज वाटली. पण मी कुणाला बोलली नाही. ब्रश धरणारीला हुद्दा वरचा होता, अन् माझी तीन पोरं होती. आता कशाला लपवू.

आक्का मला रागावली नाही. झाडता झाडता माझ्याजवळ थांबायची, पट्ट्याकडे पाहायची अन् म्हणायची, "हालला." बस. पुढं झाडत जायची.

लढाई संपली. त्या थंडीत गावाबाहेर डुमन्याच्या हवाई पट्टीवर विमानं दाखवायचं ठरलं. फॅक्टरीनं आम्हाला ट्रकात बसवून नेलं. पुरी-भाजीचे डबे, लोणचं, पोरंसोरं, नुसती जत्रा. डोक्यावरून विमानं गेली तशा बाया कान दाबून खाली बसल्या. आक्का उभीच. वर हात करून ओरडत होती, "हळू जा रे बाबा, हळू!"

खाली दोरी बांधून जुनी विमानं उभी केली होती. एक इंग्रजांच्या वेळचं, नाकावर हा एवढा पंखा. आक्कानं त्याला वरखाली पाहिलं अन् म्हणाली, "अगं, हे तर पंख्याला विमान लावलं!" आजूबाजूचे सगळे हसले.

त्याच्या पंखाखाली आमचा बॉम्ब टांगला होता, रिकामा, दाखवायसाठी. इतके बॉम्ब रंगवले, पण विमानाला लागलेला कधी पाहिला नव्हता. ऊर भरून आला माझा. पट्टा मीच काढलेला होता.

आक्का दोरीपाशी थांबली. डावा डोळा मिटला. मग खुदकन हसली.

"काय झालं वं?"

"जोड चुकला. करंगळीभर. सुरुवात इकडं, शेवट तिकडं."

चार्जमन मागंच उभा होता. "अम्मा, यहाँ से? तुम्हारी तो नज़र कमज़ोर है!" दोरीपासून विमान चांगलं तीस-चाळीस पावलं लांब. तो दोरीखालून गेला, पट्ट्यावर बोट फिरवलं, डोकं खाजवत परत आला. "टेढ़ा तो है. किसने बनाया?"

आक्का घाईनं म्हणाली, "हवा से हिला होगा, भैया."

लोखंडावर वाळलेला रंग हवेनं हालते का? ते ऐकलं अन् मला राहवलं नाही. "मैंने बनाया साहब. आक्का की नज़र एकदम अच्छी है. उसको पढ़ना नहीं आता, इतनी ही बात है. मुझे मालूम था."

आक्काचा चेहरा लाल झाला. "तुला कोणी विचारलं होतं?" म्हणाली अन् पाठ फिरवून बसली. मी पण बाजूला बसली. पुन्हा एक विमान गेलं, दुसरं गेलं. मग तिनं माझ्याकडे न पाहताच पुरी पुढं केली. "खा. बॉम्ब फिरवायला जोर लागते."

चार्जमन तिला परत डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर वैतागलेला. "अच्छा, दरवाज़े के पास खड़ी रहिए. यहाँ क्या दिखता है, बताइए."

"डॉक्टर साहब, आपकी कमीज़ का दूसरा बटन काले धागे से टाँका है. बाकी सब सफ़ेद से."

डॉक्टरनं मान खाली घालून पाहिलं. कंपाउंडर हसत बाहेर पळाला, त्यानंच सगळीकडे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ब्रश आक्काकडे. माझा हुद्दा गेला, बसायची जागा राहिली. मी फिरवायची, ती काढायची.

रिटायर होईपर्यंत तिनंच पट्टे काढले. नंतर ती बहिणीकडे छिंदवाड्याला गेली, पुन्हा भेट नाही.

फॅक्टरीतल्या तिच्या शेवटच्या दिवशी गेटवर झडती झाली, सगळ्यांची होते तशी. आतलं काही बाहेर न्यायचं नसते. झडतीवालीनं आक्काची पिवळी नखं पाहिली अन् मस्करीत म्हणाली, "अम्मा, ये सरकारी रंग कहाँ ले चलीं?"

आक्कानं दोन्ही हात पुढं केले. "निकाल ले बेटी. मुझसे तो इतने साल में नहीं निकला."

झडतीवालीनं ते हात धरले, अन् सोडलेच नाहीत. मागं आमची रांग गेटापासून पार आतपर्यंत गेली होती. भोंगा वाजून गेला तरी कोणी घाई केली नाही.